अणूचा विटाळ

विटाळ गेला, असे आपण समजतो. सोवळे-ओवळे आजीबरोबर गेले, चार दिवस बाजूला बसण्याची चाल मोडली, आता आमच्याकडे असले काही उरले नाही, असे शहरातली सुशिक्षित कुटुंबे अभिमानाने सांगतात. माझे म्हणणे असे आहे की, विटाळ गेलेला नाही. त्याने फक्त नाव बदलले आहे, आणि ज्यांच्या घरी भिंतीवर पदव्यांच्या चौकटी लटकत आहेत त्यांच्याच घरी बिऱ्हाड केले आहे. त्याचे नवे नाव 'रेडिएशन'.

मी हे बोलतो ते ऐकीव गोष्टींवरून नव्हे. मी एका शिकविणाऱ्या रुग्णालयात न्यूक्लिअर मेडिसिनचा डॉक्टर आहे. ह्या शास्त्राला मराठीत आपण अणुवैद्यक म्हणू. किरणोत्सर्गी द्रव्य अत्यल्प प्रमाणात रोग्याच्या शरीरात द्यावयाचे, ते कोठे जाते, किती वेळ थांबते, हे बाहेरून यंत्राने पाहावयाचे, आणि काही रोगांत त्याच जातीच्या द्रव्याने आतल्या आत उपचार करावयाचे, हे आमचे काम. कामाचे नाव सांगितले की समोरचा गृहस्थ खुर्ची अंमळ मागे घेतो. त्याचे मला काही वाटत नाही. परंतु हीच खुर्ची तो आपल्या बायकोपासून, सुनेपासून, आईपासून मागे घेतो, तेव्हा मात्र गप्प बसवत नाही.

गळ्यातील थायरॉईड ग्रंथीचे विकार पुरुषांपेक्षा बायकांत पुष्कळ अधिक. ह्या ग्रंथीला आपले काम करावयास आयोडीन लागते, आणि रक्तातून येणारे आयोडीन ती अधाशासारखे ओढून घेते. ते साधे आहे की किरणोत्सर्गी, हे तिला ओळखता येत नाही. तिच्या ह्या भोळेपणावर आमचा एक सर्वांत जुना उपचार उभा आहे. ग्रंथी बेफाम वाढली असेल, किंवा तिच्या ठराविक जातींचा कर्करोग शस्त्रक्रियेनंतरही कोठे शिल्लक असेल, तर रोग्याला आयोडीन-१३१ तोंडावाटे द्यावयाचे. ते नेमके त्या पेशींत जाऊन बसते आणि त्यांचा निकाल लावते. चीर नाही, टाका नाही. औषध घेतल्यावर रोग्याच्या अंगातून काही दिवस किरण बाहेर पडतात, म्हणून मात्रा मोठी असल्यास त्याला निराळ्या खोलीत ठेवतात, त्याचे मूत्र टाक्यांत साठवून किरणोत्सर्ग ओसरल्यावरच गटारात सोडतात, आणि घरी पाठवताना बजावतात : इतके दिवस निराळे निजा, लहान मुलांना आणि गरोदर बायांना जवळ घेऊ नका, पाणी भरपूर प्या.

'इतके दिवस' हे त्यातले महत्त्वाचे शब्द. घरी पोहोचेपर्यंत नेमके तेच गळून पडतात.

मी पाहिलेली एक बाई सांगतो. वय तिशीचे, घर मुंबईतले, नवरा अभियंता. उपचाराला वर्ष होऊन गेले तरी तिचे ताट-वाटी निराळे. कपडे निराळे धुवावयाचे. चार वर्षांच्या मुलीला आजी आईच्या कुशीत निजू देत नव्हती. दिवाळीला चकल्या तळावयास ती उठली, तर सासूबाई म्हणाल्या, "तू राहू दे हो, मुले खाणार आहेत." शब्द किती मऊ! ज्याला कोणाला जुना विटाळ आठवत असेल त्याने हा नवा ताडून पाहावा. ताट तेच, कोपरा तोच, आणि 'राहू दे हो' हा सूरही तोच.

आता हिशेब पाहा. आयोडीन-१३१ चे अर्धायुष्य आठ दिवसांचे. म्हणजे आज जेवढे आहे त्याचे आठ दिवसांनी निम्मे, सोळा दिवसांनी पाव, चोवीस दिवसांनी दोन आणे. ऐंशी दिवसांनी मूळच्या हजाराव्या हिश्शाहून कमी. एका वर्षात ते पंचेचाळीस वेळा निम्मे होते. बुद्धिबळाच्या पटावर घराघराला दुप्पट होणाऱ्या दाण्यांची गोष्ट आपण मुलांना सांगतो. तीच गोष्ट उलटी वाचा म्हणजे त्या बाईच्या अंगात वर्षाने काय उरले असेल ते कळेल. शिवाय, शरीर ते औषध नुसते सांभाळून ठेवत नाही. ग्रंथी काढून टाकलेल्या रोग्यात तर त्यातले बहुतेक पहिल्या दोन-तीन दिवसांतच मूत्रावाटे निघून जाते. तात्पर्य, ज्या ताटाला घर भीत होते त्या ताटात वर्षभर अन्नाखेरीज काही नव्हते.

ह्यावर 'जपलेले बरे' म्हणणारे सद्गृहस्थ उठतात. थोडे जास्त जपले तर बिघडले काय? ह्या प्रश्नाने आपल्याकडे अनेक चुकीच्या गोष्टी पोसल्या आहेत, म्हणून त्याला नीट उत्तर दिले पाहिजे. जपणे आणि विटाळ पाळणे ह्यांत फरक आहे. जपण्याला माप असते आणि मुदत असते. विटाळाला दोन्ही नसतात. इतक्या हातांवर, इतके दिवस, हे जपणे. 'तिला लागू नको' हा विटाळ. आणि बिघडते ते बरेच. आईपासून तोडलेली मुलगी बिघडते. बरी झालेली बाई स्वतःला आजारी समजत राहते. शेजारीण हे पाहते, आणि तिला तोच रोग झाला की 'ते किरणांचे औषध नको गं बाई' म्हणून उपचारच नाकारते. हे शेवटचे बिघडणे कधी कधी जिवावरचे असते, आणि त्याची नोंद कोणत्याही वहीत होत नाही. लग्नाच्या बाजारात तर विचारूच नका. उपचार झालेल्या मुलीला मुले होणार नाहीत, झाली तर व्यंग असलेली होतील, असे बिनदिक्कत सांगणारे जाणते लोक मला भेटले आहेत. वस्तुतः सल्ला एवढाच असतो की, उपचारानंतर सहा महिने ते वर्षभर गर्भधारणा टाळावी. त्यानंतर संसार करण्यास काडीचीही आडकाठी नाही.

आता कोणी म्हणेल, डॉक्टर, तुम्ही तुमच्या मालाची तरफदारी करता. हिरोशिमा झाले, चेर्नोबिल झाले, ते काय खोटे? मुळीच नाही. २६ एप्रिल १९८६ रोजी चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली तेव्हा हेच आयोडीन-१३१ वाऱ्यावर पसरले, गवतावर बसले, गाईंच्या पोटातून दुधात उतरले, आणि ते दूध प्यालेल्या मुलांपैकी पुष्कळांना पुढे थायरॉईडचा कर्करोग झाला. हे लपवील तो डॉक्टर नव्हे. पण त्याच हकीकतीचा दुसरा अर्धा भाग सांगणारे कोणी भेटत नाही. त्या मुलांवर उपचार झाले ते शस्त्रक्रियेने, आणि त्यांतल्या अनेकांवर त्यानंतर आयोडीन-१३१ नेच. मारणारे द्रव्य तेच आणि तारणारे द्रव्यही तेच. मधला फरक कोणाला, किती, कशासाठी आणि कोणाच्या देखरेखीखाली, ह्या चार शब्दांचा. विस्तव घराला लागतो म्हणून कोणी चूल विझवून बसत नाही. चुलीला विटाळही मानत नाही. विस्तवाशी कसे वागावे हे आपल्याला घरात शिकविलेले असते, किरणांशी कसे वागावे हे कोणी शिकविलेले नसते, इतकेच.

किरण ही वस्तू अणुभट्टीने जगात आणलेली नाही. जमिनीतून, आकाशातून, अन्नातून ती आपल्याला जन्मापासून मिळतच असते. जगातील माणसाला निसर्गाकडून मिळणारी ही मात्रा सरासरीने वर्षाला २.४ मिलिसीव्हर्ट धरतात. केरळात करुनागपल्लीच्या किनाऱ्यावर वाळूतच थोरियम आहे, तेथे ती काही घरांत कितीतरी पट अधिक. तेथील लोकांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करून २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कर्करोगाचे जादा प्रमाण आढळले नाही. म्हणून किरण निरुपद्रवी, असे मी म्हणणार नाही. मोठ्या मात्रेचे नुकसान सिद्ध आहे, आणि लहान मात्राही विनाकारण देऊ नये हाच आमचा नियम. आमच्यासारख्या कामगारांना पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्ट, कोणत्याही एका वर्षात ३०, आणि सामान्य जनतेला ह्या उद्योगांमुळे १, अशी मर्यादा अणुऊर्जा नियामक परिषदेने घालून दिलेली आहे. आमच्या छातीवर जो बिल्ला लटकतो तो ह्याच हिशेबासाठी. माप घ्या, मर्यादा पाळा, आणि मग मोकळेपणाने वागा, असे शास्त्र सांगते. आपण माप घेत नाही, आणि मोकळेपणानेही वागत नाही.

परंतु सगळा दोष सासूबाईंच्या माथी मारून मोकळे होणे हा अन्याय होईल. ह्या विटाळाचे माहेर खुद्द रुग्णालयात आहे. जेथे विद्यार्थी डॉक्टर होतात तेथेच तो त्यांना आयता शिकावयास मिळतो. आमचा विभाग बहुधा तळघरात. जाड भिंतींसाठी ते सोयीचे, हे खरे. पण तळघरात ठेवलेल्या वस्तूला घरात काय मान असतो, हे गृहिणींना सांगावयास नको. वॉर्डातला सेवक रोग्याची खुर्ची आमच्या दारापाशी सोडून जातो, उंबरा ओलांडत नाही. हाडांची तपासणी होऊन रोगी वर गेला की परिचारिका दूरध्वनीवरून विचारते, "ह्यांना बाकीच्यांपासून वेगळे ठेवू का?" तपासणीला वापरलेल्या टेक्नेशियमचे अर्धायुष्य सहा तासांचे, दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा सोळावा हिस्सा उरतो, तोही शरीराने टाकला नसेल तर. ती परिचारिका अडाणी नाही. तिला कोणी शिकविले नाही. शिकविणाऱ्या रुग्णालयात न शिकविलेली गोष्ट ही चूक नव्हे, तो गुन्हा आहे.

आणि माझे विद्वान सहकारी? ते खाली येत नाहीत, चिठ्ठी पाठवतात. चिठ्ठीवर दोन शब्द : 'स्कॅन करावा.' रोगी कोण, प्रश्न काय, आधी काय झाले, ह्याचा पत्ता नाही. त्यांच्या लेखी आम्ही फोटो काढणारे. विद्यार्थी तेच शिकतो आणि पुढे तशाच चिठ्ठ्या लिहितो. वास्तविक फोटो आणि आमचे चित्र ह्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मेलेल्या माणसाचाही क्ष-किरण फोटो निघतो. आमचे चित्र निघत नाही, कारण आम्ही अवयव पाहत नाही, अवयवाचे काम पाहतो. घराच्या भिंती उभ्या आहेत की नाही, हे फोटो सांगतो. घरात चूल पेटते की नाही, हे आम्ही सांगतो. तान्ह्या मुलाची एक किडनी फुगलेली आहे, ती काढावी की वाचवावी? ती शेकडा किती काम करते ह्यावर तो निर्णय पुष्कळसा ठरतो, आणि तो आकडा तळघरातून वर जातो.

हे शास्त्र जन्मले तेच मुळी प्रश्न विचारण्यातून. १९३६ साली बोस्टनमध्ये एका पदार्थविज्ञान्याचे व्याख्यान झाल्यावर सॉल हर्ट्झ नावाच्या एकतीस वर्षांच्या डॉक्टराने विचारले, आयोडीन कृत्रिम रीतीने किरणोत्सर्गी करता येईल काय? १९४१ मध्ये त्याने पहिल्या रोग्याला ते औषध दिले. त्याही आधी, १९११ च्या सुमारास, मँचेस्टरला शिकत असलेल्या हेवेशीला संशय होता की, आपल्या खाणावळीची मालकीण ताटातले उरलेले पुन्हा वाढते. सांगतात की, त्याने उरलेल्या अन्नात किंचित किरणोत्सर्गी द्रव्य टाकले आणि पुढे एक दिवस पानात वाढलेल्या पदार्थाला उपकरण लावून बाईंची लबाडी उघडी पाडली. त्याच कल्पनेतून, म्हणजे खुणेचा अणू सोडून त्याचा माग काढण्यातून, त्याचे संशोधन वाढले आणि १९४३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्याला मिळाले. ज्या शास्त्राचे मूळ एका खाणावळीत सांगतात, त्याच्या रोग्याला आपण स्वयंपाकघरातून बाहेर काढतो, ही काय गंमत आहे!

आणि आमच्या विभागात जे चालते ते तरी किती घरगुती! वसुबारसेला आपण गाय-वासराची पूजा करतो. आमच्या विभागातही एक गाय असते. शिशाच्या आवरणात एक लहानशी नळी, तिच्यात मॉलिब्डेनम. त्याचे अर्धायुष्य सहासष्ट तासांचे, आणि त्यापासून टेक्नेशियम सारखे तयार होत राहते. रोज सकाळी मिठाचे निर्जंतुक पाणी त्या नळीतून ओढले की टेक्नेशियम खाली उतरते. ह्याला जगभरचे लोक गाय दोहणे असेच म्हणतात. टेक्नेशियम १९३७ साली सापडले, आणि पृथ्वीच्या पोटात ते जवळजवळ नाहीच. माणसाने ते घडविले. आठवड्याभरात गाय आटते आणि नवी आणावी लागते. कॅनडातल्या चॉक रिव्हरची अणुभट्टी मे २००९ ते ऑगस्ट २०१० बंद राहिली तेव्हा ह्या दुधाचा जगभर दुष्काळ पडला होता. दुष्काळात दुधाची किंमत कळते. एरवी त्याचा विटाळ मानण्याची चैन परवडते.

एक दोष आम्हा डॉक्टरांच्या पदरीही घातला पाहिजे. घरी जाणाऱ्या रोग्याच्या हातात जो सूचनांचा कागद असतो तो बहुधा इंग्रजी, आणि बंगल्यात राहणाऱ्यांसाठी लिहिलेला. स्वतंत्र खोलीत निजावे, स्वतंत्र शौचालय वापरावे. रोगी राहतो दहा बाय दहाच्या खोलीत, पाचजणांत. नाहीतर गाव विदर्भात, कोकणात, आणि रात्र काढावयाची परळच्या आसपास एखाद्या धर्मशाळेत. त्याला तो कागद पाळता येत नाही. मग एक तर तो सगळे सोडून देतो, नाहीतर घाबरून वर्षभर कोपऱ्यात बसतो. शास्त्र चाळीत राहणाऱ्यालाही सांगता येते. अंतर दुप्पट केले की किरणांची मात्रा चौथाई होते, तिप्पट केले की नवमांश. म्हणजे एका खोलीतही रोग्याने एका टोकाला निजावे आणि मुलाने दुसऱ्या. सार्वजनिक संडासात पाणी दोनदा ओतावे. आणि अमुक तारखेनंतर ह्यातले काहीही करू नये. ही तारीख कागदावर ठळक शाईने, मराठीत लिहिली पाहिजे. मी हे विभागात बोललो तर उत्तर आले की, छापील नमुना वरून येतो. विटाळ असाच वरून येतो.

ह्याच नाण्याची दुसरी बाजू आता दाखवतो. जी माणसे किरणांना विटाळ मानतात तीच माणसे, पैसे जरा गाठीला आले की, त्यांना अंगारा मानू लागतात. "डॉक्टर, एकदा सगळ्या शरीराचा पेट स्कॅन करून टाका, म्हणजे मनाची शांती." रोग नाही, लक्षण नाही, केवळ शांती पाहिजे. ह्या तपासणीत किरणोत्सर्गी फ्लुओरीन जोडलेली साखर देतात. भुकेल्या कर्करोगाच्या पेशी ती जास्त खातात आणि चित्रात उजळतात. पण मेंदूही ती खातो, साधी सूजही खाते. निरोगी माणसाच्या चित्रात एखादा निष्पाप ठिपका दिसला की पुढे सुई, शस्त्रक्रिया, खर्च आणि झोपेचे खोबरे. त्या फ्लुओरीनचे अर्धायुष्य एक तास पन्नास मिनिटांचे. गाडी रहदारीत तेवढा वेळ अडकली की निम्मी मात्रा रस्त्यावरच संपते. इतकी नाशिवंत वस्तू, कर्करोगाचा खरा रोगी बाहेर बाकावर ताटकळत असताना, शांतीसाठी वापरावयाची? अशा वेळी 'नाही' म्हणणे हे अणुवैद्यकाच्या डॉक्टराचे अर्धे काम आहे. फोटोवाला कधी नाही म्हणत नाही, वैद्य म्हणतो. विटाळ आणि अंगारा, दोन्हीला माप लागत नाही, म्हणूनच ते आपल्याला इतके प्रिय.

आणि हे सारे कोठे घडते? महाराष्ट्रात! आशियातील पहिल्या अणुभट्ट्यांपैकी एक, अप्सरा, १९५६ साली ट्रॉंबेला सुरू झाली. परळला रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून आहे. देशातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ मध्ये तेथेच आला. ट्रॉंबेच्या 'ध्रुव' अणुभट्टीत तयार होणारे ल्युटेशियम-१७७ आज काही दुर्मिळ कर्करोगांच्या रोग्यांना दिले जाते. दिवा आपल्या घरात लागला, आणि अंधारही आपल्याच घरात! जिल्ह्याच्या ठिकाणच्या बहुतेक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत आजही हा विभाग नाही. तेथून बाहेर पडणारा तरुण डॉक्टर अणुवैद्यकाचा एकही रोगी न पाहता गावी जातो, आणि आयोडीन घेतलेली बाई त्याला विचारावयास आली की, तोही 'जपलेले बरे' असेच म्हणतो. आगरकरांनी 'सुधारक' काढला १८८८ साली. त्यानंतर इतक्या वर्षांनी विटाळाला वैद्यकीय सल्ल्याचा मान मिळावा, ह्याची लाज आम्हा शिकविणाऱ्यांना वाटली पाहिजे.

उपाय अवघड नाहीत. प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थ्याला, प्रत्येक परिचारिकेला आठ-पंधरा दिवस आमच्या तळघरात बसवा. जिल्ह्याच्या महाविद्यालयांत निदान एक गामा कॅमेरा आणि तो चालविणारा जाणता डॉक्टर द्या. नुसते यंत्र दिले तर त्याच्यावर धूळ बसेल. सूचनांचा कागद मराठीत, तारखेसह द्या. हे सरकारचे आणि आमचे काम.

वाचकहो, तुमचे काम त्याहून सोपे आहे. ह्या दिवाळीत तुमच्या घरात, शेजारी, नात्यात कोणी हे औषध घेऊन बाजूला बसलेले असेल, तर दोनच प्रश्न विचारा : किती, आणि कधीपर्यंत? दोन्हींची उत्तरे आकड्यांत मिळतील तोवर पथ्य काटेकोर पाळा. मुदत उलटलेली असेल तर त्या बाईच्या मांडीवर तिचे मूल द्या, तिच्या हातात झारा द्या, आणि तिने तळलेली पहिली चकली स्वतः खा.